पुस्तकात अडकलेले खिळे

रजिस्ट्रारसाहेबांचा फोन खाली ठेवला तेव्हा हिराजी ठोंबऱ्यांच्या चेहऱ्यावर दोन भाव एकदम उमटले होते. एक, लग्नाला निघालेल्या माणसाचा. आणि दुसरा, मांडवात पोचल्यावर धोतर घरीच राहिल्याचं कळलेल्या माणसाचा.

"सखा," ते म्हणाले, "पदवीदानाच्या आमंत्रणपत्रिका. तीनशे. शनिवारी सकाळी मुंबईत पायजेत. येळेत गेल्या तर साहेब मला कायम करनार हायेत."

सखा हा छापखान्यातला सगळ्यात जुना कंपोझिटर. त्याने विडी विझवून कानावर ठेवली.

"व्हा की कायम. आमी कुठं नको म्हनतो? पन अक्षरं कुठनं आनू?"

विद्यापीठ मुंबईचं, नाव घेण्यात अर्थ नाही. तिथं जागा अपुरी पडली म्हणून त्यांनी आपला छापखाना उचलून कर्जतला, एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत आणून ठेवला. यंत्र सुरू झालं की वाशांवरून अजून कोंडा पडायचा, आणि एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेतसुद्धा अधूनमधून तूस सापडायचं. या छापखान्याचे हिराजी सुपरवायझर होते खरे, पण हंगामी. नऊ वर्षं हंगामी. दर दिवाळीला सासरे पाटावर बसवून विचारायचे, "काय जावई, हंगाम संपला का नाय?" आणि हिराजींच्या घशात करंजी अडकायची.

आता अक्षरांचं. छापखान्यात शिशाची सुटी अक्षरं असतात, त्यांना खिळे म्हणतात. ती जुळवून पान तयार करायचं, दोरीनं बांधायचं, छापायचं आणि मग दोरी सोडून खिळे परत ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचे. पण विद्यापीठाचा नियम असा, की लेखकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने 'छापावे' असं लिहून दिल्याशिवाय पान छापायचं नाही आणि बांधलेली दोरीही सोडायची नाही. हिराजी नियमाला फार जपणारे. हंगामी माणसाला दुसरं असतं काय जपायला?

आणि तिथं आडवे आले प्रोफेसर विद्वांस. त्यांचा 'उत्तर कोकणातील भात' हा चारशे पानांचा ग्रंथ सात वर्षं बांधून तयार होता. दर महिन्याला प्रूफ जायचं आणि दर महिन्याला दुप्पट लाल होऊन परत यायचं. पहिल्या वर्षी बारीक खिळे संपले. मग सूचना जरा मोठ्या अक्षरांत छापल्या. दुसऱ्या वर्षी तीही संपली, तेव्हा वेळापत्रकं मथळ्याच्या टाइपात निघाली आणि विद्यार्थी ती रस्त्याच्या पलीकडून वाचू लागले. ग्रंथालयाचं कार्ड परातीएवढं झालं. हिराजींनी नवे खिळे मागितले, तर वरून उत्तर आलं, "नोंदीप्रमाणे खिळे पुरेसे आहेत." होतेच पुरेसे. फळ्यांवर, टेबलांखाली, खिडकीत आणि न्हाणीतल्या कोनाड्यात दोरीनं बांधून ठेवलेले होते. सुटी राहिली होती फक्त भिंतीवरच्या जाहिरातींची लाकडी अक्षरं, एकेक तळहाताएवढं.

"मी पळसदरीला जातो," हिराजी म्हणाले. "आज सही घेतल्याबिगर येत नाय."

पळसदरीला, धरणाच्या अलीकडे, निवृत्त झालेले विद्वांस एकटेच राहत. घर सांभाळायला अंबूबाई होती. हिराजी सायकल लावून आत शिरले तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर चिमटे लावून प्रुफं. प्रोफेसर त्या कागदांतून वाट काढत बाहेर आले.

"या ठोंबरे! मागच्या आठवड्यात पाठवलेली नवी नोंद लागली का पान सातवर? तुमच्या खालापूरकडचीच जात आहे."

"लागली सर. सखानं परवाच लावली. आता तेवढी सही करा. छापून टाकू."

"छापून?" एखाद्याने जिवंत माणसाला स्मशानात न्यायची गोष्ट काढावी, तसं विद्वांसांनी पाहिलं. "अहो, आत्ताच निरोप आलाय, धरणाखालच्या शेतात वेगळीच लोंबी दिसतेय. ती बघितल्याशिवाय सही कशी करू?" आणि छत्री घेऊन ते चालू पडलेसुद्धा.

हिराजी उंबऱ्यातच बसले. अंबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"हिरूभाव, ही सही केली का हे कागद घरातनं जातील?"

"जातील."

"सात वरसं मी कापडं वाळत घालाया धरनावर जाते. घरच्या दोरीवर ह्यांचं भात वाळतंय. आना हिकडं, कुठं करायची?"

"तशी नाय चालत अंबूबाई. लेखकाची लागते, नायतर प्रतिनिधीची."

"म्हंजे कोन?"

"म्हंजे त्यांच्या वतीनं सगळा येवहार बघनारा."

"भाजी मी आनते. दूधवाल्याशी मी भांडते. दाढी वाढली तर आरसा मी दावते. आनखी कोन लागतंय?"

हिराजींनी नियम मनात दोनदा वाचून पाहिला. खोट काही निघेना. अंबूबाईनं तव्याच्या बुडाला अंगठा घासला आणि 'छापावे'च्या खाली असा दाबला, की मागच्या तीन कागदांवर उठला.

शुक्रवारी सकाळी ग्रंथाची पहिली सोळा पानं यंत्रावर चढली. बेत सोपा होता. सोळा पानं छापायची, दोऱ्या सोडायच्या आणि त्या खिळ्यांत आमंत्रण जुळवायचं. सखाच्या हाताला तर खाज सुटली होती. पहिला कागद बाहेर आला. हिराजींनी सवयीनं त्याचा वास घेतला, आणि सवयीनंच वाचला. पान सातवर ते थांबले.

'बुटका राता. खालापूरकडील जात. दाणा जाड व तांबडा. भाकरीस निरुपयोगी. गुरांस घालावा.'

"थांबवा!" हिराजी ओरडले. यंत्र थांबलं. वरून थोडा कोंडा पडला.

"काय झालं?"

"सखा, आमच्या खाचरात दुसरं कायबी पिकलं नाय. आयेनं जन्मभर याच्याच भाकऱ्या थापल्या. आमी पाच भावंडं त्याच्यावर वाढलो. मंग आमी कोन?"

सखानं कागद वाचला आणि नजर दुसरीकडे वळवली. "आता पुस्तकात लिवलंय तसं बघाया गेलं तर..."

"गप रं!"

"साहेब, एवढं सोडा. तुमाला कायम व्हायचंय ना?"

हिराजींना कायम व्हायचंच होतं. सासऱ्यांची करंजी डोळ्यांसमोर आली. पण तिच्यापुढं चुलीशी बसलेली आई आली, फुगलेली भाकर पदरानं धरून "खा रं, गरम हाय" म्हणणारी, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"व्हायचंय," ते म्हणाले. "पन आयेची भाकर गुरांना घालून नाय. काढा पानं खाली."

"मंग ती एक ओळ गाळून छापू."

"लेखकाला इचारल्याबिगर अक्षर हलवायचं नाय, आन पयली पानं सोडून पुढची छापायची नाय. नियम हाय."

मग उरली लाकडी अक्षरं. 'सप्रेम निमंत्रण' एवढ्यानंच अख्खा कागद भरला. दोन कागद जोडले तेव्हा तारीख मावली. कुलगुरूंच्या नावासाठी तिसरा लागला. हिराजींची बायको आवडी हिनं हंडाभर खळ शिजवून आणली आणि दुपारपासून सगळा छापखाना जमिनीवर रांगत कागद चिकटवत बसला. पाकिटांचा प्रश्नच नव्हता. तीनशे आमंत्रणं चटयांसारखी गुंडाळून शनिवारी सकाळी टेंपोत भरली, तरी वीस-पंचवीस टपावर बांधावी लागली.

दहा वाजता रजिस्ट्रारसाहेबांचा फोन आला. "ठोंबरे, ही आमंत्रणं आहेत की पडदे? शिपाई एकेक खांद्यावर टाकून वाटतायत! समारंभ होऊ दे, मग बघतो तुमच्याकडं!"

हिराजींनी टेबलाचा खण आवरायला घेतला.

मंगळवारी पुन्हा फोन आला. हिराजी उभं राहूनच बोलले.

"ठोंबरे, कमाल केलीत!" रजिस्ट्रारसाहेबांचा आवाज चक्क गोड होता. "आपले नेहमीचे प्रमुख पाहुणे, मोतीबिंदू झालेले, दरवर्षी चुकीच्या वेळेला येतात. यंदा भिंतीवर लावून चष्म्याशिवाय वाचलं म्हणे, आणि बरोबर चारला हजर! तुमची ऑर्डर आजच काढतो. फक्त कायम करण्याचे छापील फॉर्म संपलेत. ते तेवढे छापून पाठवा."

हिराजींनी फळीवरच्या लाकडी अक्षरांकडे पाहिलं. "साहेब, लाकडी अक्षरांत चालतील?"

"सर्व्हिस बुकात लावायचा असतो तो, ठोंबरे! बारीक टाइप पाहिजे. बारीक!"

बुधवारी हिराजी पळसदरीला निघाले. पिशवीत प्रूफ होतं, फॉर्मचा नमुना होता, आणि फडक्यात बायकोनं थापलेल्या बुटक्या रात्याच्या चार भाकऱ्या होत्या. एका ओळीचा तर प्रश्न होता. सर खातील, ओळ बदलतील, सही करतील.

विद्वांसांनी पहिला तुकडा संशयानं मोडला. दुसरा घाईनं. अंबूबाईनं लोणी आणि ठेचा आणून ठेवला. दुसरी भाकरी गेली, तिसरी गेली. चौथीचा शेवटचा कण बोटानं टिपून प्रोफेसरांनी चष्मा काढला.

"ठोंबरे, मी चुकलो. न खाता लिहिलं. अक्षम्य आहे हे."

"असू दे सर. ओळ बदला, सही करा."

"ओळ? आता ओळीनं कसं भागेल? ज्याची भाकरी मी खाल्लेली नाही, त्याच्याबद्दल लिहायचा मला अधिकार काय? प्रत्येक जातीची भाकरी करून, खाऊन, प्रत्येक नोंद नव्यानं लिहायला हवी."

"किती जाती हायेत सर?"

"एकशे बारा."

चुलीपाशी भांडं पडल्याचा आवाज झाला. हिराजींचा हात पिशवीत होता. बोटांना फॉर्मचा नमुना लागत होता. त्यांनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. आईच्या भाकरीपुढं इतकी शिकलेली मान आजवर कधी झुकली नव्हती.

त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला.

"लिहा सर," ते म्हणाले. "सावकाश लिहा. फक्त सुरुवात बुटक्या रात्यापासून करा."

विद्वांस तेवढ्यात लाल पेन्सिल शोधायला लागलेही होते. अंबूबाईनं ओल्या कपड्यांची बादली उचलली आणि ती धरणाकडे चालू लागली.