गच्चीवरचं घनदाट अरण्य

जळगावच्या एका कॉलनीत मोतीलाल नानांच्या गच्चीवर वड, पिंपळ, चिंच आणि उंबर असे वृक्ष कुंड्यांमध्ये सुखाने नांदत होते. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या नानांनी ते पोटच्या पोरांसारखे वाढवले होते. म्हणजे वाढू दिले नव्हते.

एका रविवारी सरकारी हरितीकरण कक्षाचे योगेंद्र साहेब हा संग्रह पाहायला आले. रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांच्या बदल्यात कक्षाने लावलेली रोपं फक्त फाइलीत जिवंत होती, आणि वरून तपासणी यायची होती. साहेब वीतभर वडापुढे उकिडवे बसले.

"नाना, हा खरा वड आहे?"

"खरा म्हणजे? थोरल्याच्या जन्माच्या वर्षी लावलाय. पारंब्या बघा ना."

"पूर्ण वयाचा वृक्ष!" साहेबांचे डोळे पाणावले. "नियमात वय विचारलंय. उंची कुठेच विचारलेली नाही."

लवकरच गच्ची घनदाट अरण्य म्हणून घोषित झाली. नानांना शाल मिळाली. कॉलनीने वडासोबत सेल्फी काढले. नाना हरखले आणि फांदी छाटायला बसले.

"कात्री खाली ठेवा," साहेब म्हणाले. "ही वृक्षतोड होते."

मग अरण्यात मानवी वावर नको म्हणून जिन्याला कुलूप लागलं. कुरडयांचं ताट घेऊन नानांच्या पत्नी प्रमिलाबाई खालीच अडकल्या. "बठ्ठी गच्ची सरकारनी शे का?"

"नाही अक्का, सगळी गच्ची तुमचीच. वन तेवढं सरकारचं."

"अहो, पण पाणी?" नाना कळवळले. "बाहेर वैशाख पेटलाय."

"नैसर्गिक अरण्याला कोणी पाणी घालतं का, नाना?"

भर दुपारी, सगळं जळगाव कूलरपुढे पडलेलं असताना, नाना शेजारच्या कठड्यावरून आपल्याच अरण्यात घुसले. वडाची पानं करपली होती, मुळांनी कुंडी तडकवली होती. त्यांनी तो पोटाशी धरून खाली आणला आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर जमिनीत लावला. पावसाळ्यात त्याला तळहाताएवढी पानं फुटली. नाना त्यांच्याकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं आपण याला कात्रीने काय समजावत होतो, या विचाराने त्यांना अभिमानही वाटला आणि लाजही.

कक्षाची हरकत नव्हती. साहेबांनी तोच वड अरण्यातही मोजला आणि रस्त्यावरही.

हरकत घेतली ती कॉलनीने. सगळ्यांच्या वतीने शेजारचे एक सद्गृहस्थ आले.

"नाना, झाडं म्हणजे आमचा जीव की प्राण. पण उद्या हा वाढणार, पाखरं घाण करणार, आणि गाडी लावायची कुठे? परत कुंडीत घाला ना. कुंडीत किती समजूतदार दिसायचा!"

त्या सद्गृहस्थांचं नाव आम्ही छापत नाही. आवाज ओळखीचा वाटला, तर तो निव्वळ योगायोग समजावा, आणि गाडी लावायला कुठे सावली सापडते का ते बघावं.