शेठांचा शनिवार

"अहो, आधी पोराला आत घ्या, नाव मागाहून लिहा!" दवाखान्याच्या दारातली शलोमशेठ झिराडकरांची ही हाक ज्यांनी ऐकली, त्यांना अजून गहिवरून येतं. पण गहिवर टिकत नाही, समिती टिकते. म्हणून थोर माणसामागे एक समिती असावीच लागते.

शेठ ज्यू. कोकणातून मलकापूरच्या बाजूला आले, आमच्या गावात कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली, पहिले सरपंच झाले, विहीर बांधली, शाळा बांधली, धर्मार्थ दवाखाना उघडला. जात्यावरच्या ओव्यांत बाया त्यांना मारुतीशेजारी बसवीत. (मारुतीची तक्रार आली नाही.)

१९६१ साली शेठ वारले. स्मारक समितीने ठराव केला : शेठ आपल्या धर्माप्रमाणे शनिवारची सुट्टी पाळत, सबब दवाखानाही शनिवार पाळील. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. रविवार सरकारी. शिवाय शेठ सगळ्याच धर्मांना मानत. म्हणून सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार जुम्म्याचा. मंगळवारी औषधांची मोजदाद. उरला बुधवार. वर्षभरात रुग्ण ऐंशी टक्क्यांनी घटले. गावाची तब्येत सुधारल्याचा अहवाल समितीने जिल्ह्याला पाठवला.

दुसरी पुण्यतिथी नेमकी शनिवारी आली. दवाखान्याच्या ओट्यावर सभा. शेठांच्या पत्नी मिल्काबाई गळ्यात हार घालून, नेहमीसारख्या गप्प. तेवढ्यात सोजराबाई नातवाला उराशी धरून धावत आली.

"भाऊ, पोराले इच्चू चावला! दार उघडा ना!"

"बाई, आज शनवार हाय," अध्यक्ष भगवंतराव हळुवार म्हणाले. "शेठचा मान ठेवा लागते."

"इच्चवाले वार समजते काय हो?"

पोराच्या तोंडाला फेस आला होता. कंपाउंडर हबीब किल्ली मुठीत धरून अध्यक्षांकडे पाहत होता. अध्यक्षांनी सभेला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सभा उभी राहिली.

मिल्काबाईंनी हार काढून खुर्चीवर ठेवला.

"हबीब, उघड." पोर आत गेलं, तशा त्या सभेकडे वळल्या. "तुम्ही मान देताय, म्हणून दोन वर्षं गप्प बसले. शनिवारी ते फॅक्टरी बंद ठेवीत, दवाखाना नाही. जीव जात असेल तर आमच्यात शनिवार मोडावाच लागतो. तुम्हाला हे ठाऊक होतं. तुमच्यातले निम्मे शनिवारीच इथं बरे झाले. सुट्टी तुम्हाला हवी होती. नाव तेवढं त्यांचं घेतलंत."