अंजनाकाकूंचं उलटं पाणी

आमच्या गल्लीत लोक सापाला, सासूला आणि सावकाराला भीत नसत इतके अंजनाकाकूंच्या गरम पाण्याला भीत.

गरम पाण्यात भिण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. विचाराच, मला सांगायला आवडतं. फुलसावंगीत कपडे गार पाण्यानंच धुतात. कपड्यांसाठी सरपण जाळणारी बाई आमच्याकडे एक तर वेडी, नाही तर नवश्रीमंत. गरम पाणी आंघोळीला, आणि त्यात वरून गार पाण्याचं विसण. हा क्रम कुणी मोडत नाही. आधी गार आणि मग त्यात गरम, असं उलटं पाणी एकाच माणसासाठी काढतात. तो माणूस त्यानंतर पुन्हा कधी आंघोळ करत नाही.

काकू कपड्यांसाठी नेमकं तसंच पाणी काढत.

बरं, कपडे स्वतःचे असते तर गोष्ट वेगळी. भर दुपारी गल्ली सामसूम असताना काकू दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे हुंगत हिंडत. लुगडी सोडत, पोरांच्या चड्ड्या सोडत, आणि एखाद्याच सदऱ्यापाशी थबकत. बाहीला नाक लावत, डोळे मिटत. मग "हा येते माह्यासंगं," एवढंच म्हणून सदरा काखेत मारून चालू लागत. थोड्या वेळानं त्यांच्या अंगणातून वाफ निघे. त्या वाफेत काकू अर्ध्याच दिसत. कडुनिंबाच्या दांडक्यानं बादली ढवळत आणि तिच्याशी बोलत. "निघ वं माय, निघ. लय दिवस बसली तू याच्या अंगावर." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. कुंपणाआड उभा होतो.

ती बोंडअळीची वर्षं होती. कपाशी वरून हिरवीगार, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. माणसं पाठीवर पंप बांधून सकाळ-संध्याकाळ अळीचं औषध फवारत. आणि काकूंनी ज्याचा सदरा उचलला त्याला हमखास भोवळ येई, उलट्या होत, डोळ्यांपुढे अंधारी येई. एकाला तर पुसदच्या दवाखान्यात न्यावं लागलं. गल्लीनं सोपा अर्थ लावला. काकू हात लावते आणि माणूस आडवा होतो. तेव्हापासून त्यांच्या दारात ना कुणी हळदीकुंकवाला गेलं, ना विरजण मागायला.

एका दुपारी काकूंनी आमच्या विलासचा सदरा उचलला.

विलास माझा पुतण्या. आईबापाविना माझ्याच घरी वाढलेला, बिबट्याला दगड मारणारा गडी. माझी बायको तावातावानं काकूंच्या अंगणात गेली आणि आमच्या लेकराचं वाईट काहून चिंतता, म्हणून भांडली. "तुह्या लेकराचं नाही वं, त्या सदऱ्याचं चिंतते," काकू म्हणाल्या आणि तिच्यादेखत गार पाण्याच्या बादलीत आधण ओतलं. बायको घरी आली ती मीठमिरच्या शोधतच. विलासनं तिच्याकडून उलट्या पाण्याचं ऐकलं, खाटेवर बसला आणि हळूच म्हणाला की सकाळपासून डोकं गरगरतंय, पण अर्धं वावर फवारायचं राहिलं म्हणून सांगितलं नव्हतं. उद्या फवारायला जात नाही, हेही त्यानंच सांगितलं. मी दहादा सांगून त्यानं जे ऐकलं नव्हतं, ते एका बादलीनं ऐकवलं.

मी सदरा आणायला गेलो. काकू ओट्यावर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत लाल. हे उलटं पाणी कशाला, म्हणून विचारलं.

"सदऱ्यावर कढत पाणी टाकलं का औषधाची वाफ थेट नाकात जाते. म्हणून पहिले गार, मंग गरम."

"औषधाची? मंग ते 'निघ माय' कोणाले म्हणता?"

"औषधालेच. तुले काय वाटलं?"

सारी गल्ली तुम्हाले चेटकीण म्हणते, मग खरं काय ते सांगत काहून नाही, मी विचारलं.

"सांगून पायलं. औषध अंगात भिनते म्हटलं का हासतात. मेल्या माणसाचं पाणी म्हटलं का दोन दिवस पंपाले हात लावत नाही." सदरा पिळून त्यांनी माझ्या हातात दिला. "आमच्या परभ्याचा सदरा म्या गार पाण्यातच खळबळला होता, भाऊ. धुतला म्हणून सकाळी त्यानं तोच घातला."

परभ्या त्यांचा एकुलता एक. फवारणीच्याच दिवसांत गेला, हे गल्लीला ठाऊक होतं. कसा गेला, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"गरम पाणी दिलं म्या त्याले," त्या म्हणाल्या. "पण मंग दिलं. शेवटच्या आंघोळीले."

मी उठलो, तेव्हा पदरानं हात पुसत त्यांनी बजावलं. "कोणाले सांगू नको. भेऊ दे."

कोपऱ्यावर चार जण माझी वाटच पाहत होते. काय झालं, त्यांनी विचारलं. हातातला सदरा अजून कोमट होता. मी आवाज खाली आणला आणि सांगितलं की काकूंच्या बादलीतून मी एक नाव ऐकलं. कुणाचं, ते सांगायला मनाई आहे. पण इथे उभ्या असलेल्यांपैकीच एकाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौघांचेही पंप पडवीतच होते.