पावणेसहाची सुट्टी

पावणेसहाला पाच मिनिटं कमी असताना अभिमन्यू शिवशंकरअण्णांच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि आत सात माणसं बसलेली पाहून उंबऱ्यावरच अडला. वडवणीच्या बाहेर अण्णांची कापसातली सरकी काढायची जिनिंग होती. अभिमन्यू तिथे वजनकाट्यावर बाबू होता. हंगाम ऐन भरात आलेला, काट्यापुढची टेम्पोंची रांग पार डांबरी रस्त्याला भिडलेली. अशा वेळी काटा सोडून घरी निघालेला बाबू कुठल्याच मालकाला आवडत नाही.

"काय बे?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, अर्धा घंटा घरी जाऊन येतो. इंजेक्शन द्यायचंय."

"कुणाला?"

खरं उत्तर होतं, बोक्याला. ढवळ्या नावाचा पांढरा बोका दोन वर्षांपासून अभिमन्यूच्या भाड्याच्या खोलीत आपणच भाडं भरतो अशा थाटात राहत होता. गेल्या आठवड्यात तो रोडावला, घागरभर पाणी प्यायला लागला, तेव्हा अभिमन्यू त्याला पिशवीत घालून बीडला घेऊन गेला. जनावरांचे डॉक्टर गुफरान यांनी कानाला बारीक टोचून रक्त काढलं आणि सांगितलं, "भाऊ, साखर हाय ह्याला. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, खाणं झालं की इंजेक्शन. रोज. आन् डोस जास्त झाला तर साखर एकदम उतरंल, मंग बोका झोपंतच जाईल. ध्यान ठेवा."

हे सगळं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण सात माणसं त्याच्याकडे बघत होती, त्यातल्या दोघांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या, आणि अभिमन्यू तेहतीस वर्षांचा बिनलग्नाचा होता. बोक्याला इंजेक्शन देणाऱ्याला बीड जिल्ह्यात मुलगी कोण देणार?

"आईला," तो म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला. "साखर हाय का रं?"

"हाय."

"मंग इचारायलास काय? पळ. रोज पावणेसहाला जायाचं. सोमनाथ बघंल काटा."

अभिमन्यू पळाला. बोक्याने इंजेक्शन निमूट घेतलं. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे अभिमन्यूला माहीतच नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेच बरं होतं.

त्याची आई भिवराबाई तेलगावला थोरल्या बजरंगकडे राहायची. अभिमन्यू दर रविवारी तिच्याकडे जायचा. आता रविवारी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा ही दोन इंजेक्शनं सोडली तर मधले बारा तास तसे मोकळे होते, आणि तेलगाव काही परदेशात नव्हतं. पण बोक्याची साखर झोपेत उतरेल या धास्तीने तो रोज रात्री एकचा आणि तीनचा गजर लावून उठायचा, त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजायचा, आणि आठला काट्यावर हजर व्हायचा. आठवड्याची सगळी झोप रविवारी वसूल करावी लागे. आईला तो फोनवर सांगायचा, "माय, हंगाम चालू हाय. अण्णा सुट्टीच देत न्हाईत."

म्हणजे मालकाला आईचं कारण, आणि आईला मालकाचं. मधल्या मध्ये बोका सुखात होता.

पंधरा दिवसांत जिनिंगमधून सहानुभूती यायला लागली. सोमनाथने बायकोकडून कारल्याचा रस करून आणला. "आईला रोज सकाळी दे, लई गुण येतो." कुणी जांभळाच्या बियांची पूड दिली, कुणी मेथ्या. डबे धुऊन परत द्यायचे तर आतलं कुठेतरी जायला हवं. ओतून टाकायचा धीर अभिमन्यूला होईना. आपण पापी आहोत, निदान कडू तरी प्यावं, असा विचार करून तो रोज पहाटे बोक्याला इंजेक्शन द्यायचा आणि स्वतः नाक दाबून कारल्याचा रस प्यायचा. बोका त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तो काट्यावर बसल्या बसल्या झोपला. डोळे उघडे होते, बोटं बटणांवर होती, फक्त माणूस आत नव्हता. कापसाचा एक टेम्पो काट्यावर चढला, वर कापसात पाच शेतकरी पाय पसरून बसलेले. त्यांना उतरवायचं असतं, पण त्याने उतरवलं नाही. वजन झालं, पावती निघाली. रिकाम्या टेम्पोचं वजन करताना ते पाचही जण चहाच्या गाड्यावर उभे होते. त्या दिवशी अण्णांनी तीन क्विंटल शेतकरी कापसाच्या भावाने विकत घेतले.

अण्णांनी त्याला बोलावलं. अभिमन्यूने मनाशी सामान बांधून टाकलं होतं.

"किती दिवस झोपला न्हाईस?"

"तीन महिने झाले, अण्णा. रातचं दोनदा उठावं लागतं. श्वास बघावा लागतो." हे प्रत्येक अक्षर खरं होतं, त्यामुळे त्याचा आवाजही खरा कातर झाला.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी अगदीच बिनकामाचं नव्हतं, कारण अण्णांना पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि महिन्याभराने त्यांचा वाढदिवस होता. "आजकालची पोरं आईबापाला फोन करत न्हाईत," ते सोमनाथला म्हणाले, "आन् ह्ये पोरगं बघ. औंदा वाढदिवसाला मधुमेहाचं शिबिर घ्यायचं. आन् ह्याचा सत्कार करायचा. फ्लेक्स लाव."

फोटो मागितला तेव्हा अभिमन्यू म्हणाला, आईचा फोटोच नाही. सोमनाथने त्याच्या फोनमधून बजरंगच्या लग्नातला शोधून काढला. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मात्र अभिमन्यूने सगळं बळ एकवटलं आणि केबिनमध्ये गेला.

"अण्णा, एक सांगायचं होतं. ते इंजेक्शन..."

"संपलं का? सोमन्या, जा बे, मेडिकलातून दोन बाटल्या आण. माझ्या नावावर." आणि अभिमन्यूच्या खांद्यावर हात ठेवून अण्णा म्हणाले, "लाजायचं न्हाई."

अभिमन्यूने बाटल्या घेतल्या. घरी जाताना चौकात फ्लेक्स चढत होता. सगळ्यात मोठे अण्णा, हात जोडलेले. त्याच्या निम्मा अभिमन्यू. आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढी आई. मजकूर असा होता: 'आधुनिक श्रावणबाळ अभिमन्यू यांचा जाहीर सत्कार. अंथरुणाला खिळलेल्या मातोश्री भिवराबाईंची अहोरात्र सेवा करणारा सुपुत्र.' त्याला रस्त्याच्या कडेला बसावंसं वाटलं. उद्याचा दिवस कसाबसा काढायचा, परवा फ्लेक्स उतरेल, आई काही रोज वडवणीला येत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. तेलगावहून बीडला जाणारी प्रत्येक एसटी याच चौकातून जाते, एवढी साधी गोष्ट त्याच्या जागरणाने पिचलेल्या डोक्यात आली नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिबिर सुरू झालं. एका टेबलावर रक्त तपासणारा, दुसऱ्यावर डॉक्टर, तिसऱ्यावर अण्णांचा केक. मधुमेहाच्या शिबिरात केक कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. अण्णांनी माईक हातात घेऊन आईच्या थोरवीवर बोलायला सुरुवात केली. अभिमन्यू गळ्यात हार घालून खाली मान घालून उभा होता. लोकांना तो विनय वाटला.

तेवढ्यात सोमनाथ ओरडला, "अण्णा! मावशी आल्या! चालत आल्या!"

भिवराबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. काखेत कापडी पिशवी, पदर डोक्यावरून, पाठ अगदी ताठ. त्या सरळ मंचाकडे आल्या. अभिमन्यूच्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "एसटीतून फोटू बघितला. हार नव्हता, म्हंजी मी जिती हाय एवढं कळालं. म्हणून उतरले."

राजकारणात उतरायला निघालेल्या माणसाला सुचायला वेळ लागत नाही. "बघा मंडळी!" अण्णा गरजले. "अंथरुणाला खिळलेली माय पायावर उभी राहिली! ह्याला म्हंतात सेवा!" टाळ्यांनी पत्रे हादरले. "मावशी, ह्ये पोरगं रोज पावणेसहाला काटा सोडून तुमाला इंजेक्शन द्यायला पळतं. भर हंगामात. चार महिने झाले, एक दिस मी न्हाई म्हणलो न्हाई."

भिवराबाईंनी लेकाकडे पाहिलं. "रोज सुट्टी देता तुमी?"

"रोज!"

"लई उपकार," त्या म्हणाल्या. अभिमन्यूला शेडची जमीन दुभंगून हवी होती, पण ती फरशीची होती आणि नवी होती.

"पहिली तपासणी मावशींची!" अण्णांनी जाहीर केलं.

अभिमन्यू टेबलाकडे सरकला. आईची साखर शंभरच्या आत निघणार, माईकवरून वाचली जाणार, आणि चार महिन्यांचं सगळं उघडं पडणार. "तिची सकाळीच झालीय," तो पुटपुटला. पण तोवर भिवराबाईंनी बोट पुढे केलं होतं. तपासणाऱ्याने टोचलं, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"तीनशे बारा."

गर्दी हळहळली. अण्णांनी कपाळाला हात लावला. अभिमन्यूच्या मनात सगळ्यात आधी जो शब्द आला तो होता, 'सुटलो.' तो शब्द आला, आणि मग आपण नेमकं कशामुळे सुटलो हे त्याच्या लक्षात आलं. आयुष्यात इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती. गळ्यातला हार काढावा तर हात वर जाईना.

अण्णा पुन्हा माईकवर बोलायला लागले, तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला. "आधीचं काय चालू हाय?" त्यांनी विचारलं. भिवराबाई शांतपणे म्हणाल्या, "ते लेकाला इचारा. त्याला सगळं म्हाईत हाय." लेकाला काहीच माहीत नव्हतं. भिवराबाईंनीच मग पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांच्या पुढे ठेवलं. गोळ्यांनी आता भागणार नाही, इन्सुलिन आजच सुरू करा, असं हळूच सांगून डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी लिहून दिली, आणि अण्णांनी अभिमन्यूला दिवसभराची सुट्टी दिली.

मेडिकलमधून बाटली आणि सुया घेतल्यावर अभिमन्यूने विचारलं, "कवापासून हाय, माय?"

"दोन वर्षं झाले."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला सुट्टी कुठं मिळती?" भिवराबाई म्हणाल्या. "बीडच्या डॉक्टरनं महिन्यामागंच सांगितलंय इंजेक्शन घ्या म्हणून. बजरंगचा हात कापतो. सून तोंड फिरवती. देणार कोण? आज तेच सांगायला बीडला चाललते, की बाबा, गोळ्यावरच चालवा माजं."

अभिमन्यूने खोलीचं कुलूप काढलं. आत अंथरुणावर, उशीला डोकं लावून, ढवळ्या चारी पाय ताणून पसरला होता. उशाशी इंजेक्शनाची पेटी, रक्त तपासायचं यंत्र, आणि भिंतीला चार महिन्यांच्या साखरेचा तक्ता, तारीखवार.

भिवराबाईंनी तक्ता पाहिला, पेटी पाहिली, बोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी फोटूतली मी ती ह्येच," त्या म्हणाल्या. "अंथरुणाला खिळलेली."

अभिमन्यू दाराशीच बसला आणि त्याने सगळं सांगितलं. केबिनमधली सात माणसं, कारल्याचा रस, एकचा आणि तीनचा गजर, रविवारची झोप, काही लपवलं नाही. 'सुटलो' हा शब्दसुद्धा सांगितला. भिवराबाई ऐकत होत्या. मधे त्यांना एकदा हसू आलं, ते तीन क्विंटल शेतकऱ्यांच्या वेळी. 'सुटलो'च्या वेळी त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

"मांजराचं केलंस त्याचं काय न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "मुका जीव हाय. पर मी तर बोलत होते रं फोनवर. एकदा तरी इचारायचं, माय, तू कशी हायस."

दिवस कलल्यावर त्याने चूल पेटवली, आईला भाकरी-पिठलं केलं, बोक्याला त्याचं खाणं दिलं. जेवणं होईतो सहा वाजत आले आणि गजर झाला. अभिमन्यू दोन्ही बाटल्या समोर घेऊन बसला आणि कुणाकडे आधी वळावं हे न कळून तसाच थांबला.

"आधी त्याला दे," भिवराबाई म्हणाल्या. "मला बघू दे दुखतं का."

त्याने ढवळ्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली, सुई गेली, निघाली. बोका मिशा चाटत होता.

"रडला न्हाई," भिवराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारला आणि दंड पुढे केला. तो काळा, वाळलेला दंड अभिमन्यूने इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नव्या बाटलीतून त्याने औषध ओढलं, दोनदा तपासलं, आणि दंडाजवळ नेलं. चार महिन्यांत एकदाही न कापलेला हात आता सुईसकट थरथरायला लागला. डोळ्यांपुढचं दिसेना.

भिवराबाईंनी वाट पाहिली. मग दुसऱ्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "लाज मागून वाटून घे. आता हात हलवू नको."