दुपारी तीनला बंद पडणारं यंत्र

माझ्या बुद्धीबद्दल मी स्वतः कधी बोलत नाही. लोकांनी बोलावं म्हणून थांबतो. नऊ वर्षं थांबलोय. सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या एका कंपनीत मी, रातोमिर, पगारापुरता प्रोग्रामर आहे. पिंड गुप्तहेराचा.

आमचा प्रोग्राम चाळीस बेकऱ्यांच्या भट्ट्या चालवतो. वीस वर्षं तो सी प्लस प्लस या जुन्या संगणकीय भाषेत आहे. आमचे साहेब तिहोमिर यांच्या मागे लागून मी तो रस्ट या नव्या भाषेत उतरवायचं काम सुरू करवलं, आणि प्रोग्राम लिहिण्याचा, माउसला न जुमानणारा जुना काळा एडिटरही सगळ्यांच्या संगणकांवरून काढून टाकला. पण ऐन जुलैत, लिहिलेल्या ओळींपासून नवा प्रोग्राम बांधणारं मोठं संगणक-यंत्र रोज दुपारी तीनला मटकन बंद पडू लागलं. ते माझ्याच टेबलाशेजारी, खिडकीखाली आहे. घातपात असेल तर शुक्रवारपर्यंत नाव दे, त्या माणसाला घरी पाठवतो, असं साहेब म्हणाले.

संशयित एकच. ओलिवेराताई, वय सत्तावन्न. जुना प्रोग्राम त्यांचाच, आणि नव्या भाषेला त्या "फार नखरेल" म्हणत.

मंगळवारी पुरावा सापडला. त्यांच्या नव्या फाइलमध्ये जागोजागी कोलन, डब्ल्यू, क्यू. आमच्या सर्बियन मुळाक्षरांत ना डब्ल्यू, ना क्यू. तेव्हा परकीय हात उघड होता. मी त्यांना आडून विचारलं.

"जुना एडिटर ही तीन बटणं दाबूनच बंद करायचे रे," त्या म्हणाल्या. "तू तो काढलास, पण माझ्या बोटांना कळवलं नाहीस."

उत्तर फारच सरळ होतं, म्हणून संशय वाढला. बुधवारी त्या तीनच्या ठोक्याला घड्याळ बघताना दिसल्या. रक्तदाबाची गोळी घेत होत्या म्हणे. गुरुवारी मी अकरा पानी अहवाल दिला.

शुक्रवारी जेवणानंतर साहेब ओलिवेराताईंना घेऊन माझ्या खोलीत आले. हातात बडतर्फीचं पत्र. मी अहवाल वाचत असतानाच ऑफिसचं चहापाणी बघणाऱ्या देसांकामावशी कॉफी घेऊन आल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. मी उठून लावली. आमच्या सर्बियात माणूस खोलीतल्या आरपार वाऱ्यानेच मरतो. बाकीची कारणं डॉक्टर मागाहून लिहितात. मावशींनी ती पुन्हा उघडली.

"रोज जेवून आला की हा खिडकी लावतो," त्या साहेबांना म्हणाल्या. "मग ती पेटी इतकी तापते की वर कॉफी उकळेल. हात लावून बघा."

साहेबांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. जुन्या भाषेत यंत्राला फारसं राबावं लागत नसे. नवी त्याचा जीव काढते. खिडकी उघडी राहिली. तीन वाजून गेले, चार वाजले. यंत्र चालूच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी पत्र फाडून माफी मागितली. ओलिवेराताईंनी पर्समधून स्वतःचं राजीनाम्याचं पत्र काढलं.

"चार दिवस तुम्ही माझ्याकडे चोरासारखं बघितलंत," त्या म्हणाल्या. "म्हणून मीही बाहेर बघितलं. बेलग्रेडला माझ्या जुन्या भाषेची अजून किंमत आहे."

साहेबांनी खूप गयावया केली. नवा प्रोग्राम पुरा व्हायला वर्ष होतं. तोवर भट्ट्या ताईंच्याच प्रोग्रामवर चालणार, आणि तो समजणारं दुसरं कोणी नव्हतं. साहेबांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली.

सोमवारी सकाळी, जुना प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला त्याच दिवशी, पहिल्या बेकरीचा फोन आला. भट्टी थांबत नव्हती, पाव जळत होते. हा घातपात दिसतो, असं मी ठामपणे सांगितलं, आणि ओलिवेराताईंचा नंबर शोधू लागलो.