सुभेदाराच्या डोळ्याचा ठराव

"तुम्ही घरी बोलून ठरवा आणि शनिवारपर्यंत मला सांगा," असं डॉक्टर इरावती देव म्हणाल्या आणि तिथेच घात झाला. 'घरी बोलून' एवढे दोन शब्द त्यांनी गिळले असते, तर स्मिता मुळ्येचा तो आठवडा सुखाचा गेला असता. पण डॉक्टर त्या भागात नवीन होत्या. सुदामा नगरातल्या मुळ्यांच्या घरात बोलून ठरवणं म्हणजे काय प्रकार असतो, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

प्रश्न सुभेदाराच्या उजव्या डोळ्याचा होता. सुभेदार म्हणजे मुळ्यांचा अकरा वर्षांचा बॉक्सर कुत्रा. दीड महिन्यापूर्वी एका मांजरीच्या मागे धावताना त्याने अंगणातल्या लिंबाच्या झाडात तोंड खुपसलं आणि काटा डोळ्याला ओरखडून गेला. जखम टाचणीच्या डोक्याएवढी, पण आठवड्यात भरायची ती सहा आठवडे झाले तरी भरेना. थेंब झाले, मलम झालं, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं झालं. त्या नरसाळ्याने सुभेदाराने घरातल्या प्रत्येकाच्या पोटऱ्या सोलून काढल्या, तुळशीची कुंडी दोनदा लोळवली. डोळा मात्र लाल, पाणावलेला आणि अर्धा मिटलेला, तसाच राहिला.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. "डोळ्यावर नवी कातडी येतेय, पण ती खालच्या थराला धरत नाहीये. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारावा तसं. तो सुटा थर खरवडून काढायचा आणि वर लेन्स बसवायची. बहुतेक वेळा बधिर करायचे थेंब टाकून काम होतं. पण त्याने डोकं हलवलं तर भूल द्यावी लागेल, आणि त्याचं वय, त्याचं हार्ट बघता भुलीत धोका आहे. तो मी लपवणार नाही. नाही केलं तर हे महिनोन्‌महिने दुखत राहील. जखम खोल गेली तर डोळाच जाईल."

स्मिता जवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत असे. काटा दाखवेल तो आकडा लिहायचा आणि पुढच्या यंत्राकडे जायचं, ही तिची रीत. रिक्षा घरापाशी पोचेपर्यंत तिचं ठरूनही गेलं होतं. करून टाकायचं.

तिने हे सांगितलं तेव्हा घरातले चौघंही जेवणाच्या टेबलाशी होते. सासरे शरदचंद्र, म्हणजे अप्पा, यांनी शांतपणे ताक संपवलं आणि म्हणाले, "विषय गंभीर आहे. नोटीस काढावी लागेल."

अप्पा बावीस वर्षं त्यांच्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. मंडळाने त्यांना निरोप दिला, शाल दिली, नारळ दिला. पण त्यांच्यातला चिटणीस काही काढून घेतला नाही. तो घरी आला. तेव्हापासून मुळ्यांच्या घरात पाण्याची टाकीसुद्धा ठरावाशिवाय बदलली जात नसे. पाच मिनिटांनी त्याच टेबलाशी चौघांचे फोन एकदम वाजले. 'विशेष सभा. मंगळवार, सायंकाळी सात. विषय एक : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय दोन : सुभेदाराच्या डोळ्याबाबत विचारविनिमय. विषय तीन : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.'

"अप्पा, आपण सगळे इथेच बसलोय," स्मिता म्हणाली. "आत्ताच बोलू ना, सीधी गोष्ट आहे!"

"तीन दिवसांची मुदत द्यावी लागते," अप्पा म्हणाले. "विषय निकडीचा आहे, म्हणून मी एका दिवसावर आणली."

मंगळवारी सातला सभा सुरू झाली आणि सात वाजून चार मिनिटांनी तहकूब झाली. स्मिताचा नवरा जयेश आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर अडकला होता. "तुम्ही चालू द्या, मी म्यूटवर आहे, सब ऐकतोय!" तो आतून ओरडला.

"म्यूटवर असलेला सभासद हजर धरता येत नाही," अप्पांनी निर्णय दिला आणि वही मिटली. सुभेदार उठला, वळला आणि नरसाळ्याने त्याने टीपॉयवरचे चारही कप एका फेरीत खाली घेतले.

बुधवारी सगळे हजर होते. पण मागचं इतिवृत्त वाचल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि मागची सभा होती पाण्याच्या टाकीची, तीन वर्षांपूर्वीची. अप्पांनी ते वाचायला घेतलं आणि सासूबाईंनी, प्रमोदिनीबाईंनी, हात वर केला. "मी काळी टाकी नको म्हटलं होतं. ते कुठेय?"

"तुझा विरोध तोंडी होता."

"मग विरोध काय पाठवायचा होता पोस्टाने?"

टाकीवर पाऊण तास गेला. स्मिता सुभेदाराच्या डोळ्याकडे बघत बसली. त्यातून पाण्याची एक धार नाकापर्यंत आली होती आणि तो पंजाने ती पुसायला जाई, की पंजा नरसाळ्यावर खट्‌कन आपटे. तिला त्या वहीच्या चिंध्या कराव्याशा वाटत होत्या.

त्यानंतर विशेष निमंत्रित आले. शेजारच्या मनीषजींची सांवेरकडे शेती होती आणि घरच्या चार म्हशी होत्या, एवढ्या पात्रतेवर अप्पांनी त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. "अरे भाभीजी, काहे को टेंशन लेते हो?" मनीषजी सोफ्यावर बसता बसता म्हणाले. "हमारी भैंस की आँख में सींग लग गया था. शुद्ध शहद डाला भिया, पाँच दिन में टनाटन!"

"डॉक्टरने काय सांगितलं होतं?" स्मिताने विचारलं.

"डॉक्टर को दिखाया ही नहीं, तभी तो ठीक हुई!"

अप्पांनी ते लिहून घेतलं. प्रमोदिनीबाई लगेच म्हणाल्या, "मध घरात आहे. आपला महेश्वरहून आणलेला, एकदम असली."

"आई, डोळा आहे तो, पोळी नाही! कुणी मधाच्या बाटलीला हात लावला ना, तर बघा."

"अध्यक्षांना उद्देशून बोलावं," अप्पा म्हणाले. अध्यक्षही तेच होते.

शेवटी मतदान झालं. खरवडून घ्यावं, स्मिता. नको, प्रमोदिनीबाई, "म्हातारा जीव आहे गं तो, भुलीतून उठलाच नाही म्हणजे?" जयेश पंख्याकडे बघत म्हणाला, "मी न्यूट्रल आहे. मतलब, दोघींचाही पॉइंट बरोबर आहे." एक विरुद्ध एक. सगळे अप्पांकडे बघू लागले.

"निर्णायक मत आहे ते तसंच ठेवण्याच्या बाजूने द्यायचं, असा संकेत असतो," अप्पा सावकाश म्हणाले. "पण आहे ते तसंच ठेवलं तर डोळा जाईल. त्यामुळे मी माझं मत राखून ठेवतो. सभा शुक्रवारी पुन्हा भरेल."

गुरुवारी सकाळी स्मिताने जयेशला स्वयंपाकघरात गाठलं. "उद्या तू हात वर करणार आहेस. बिल्कुल करणार आहेस."

"हो यार, करतो ना. पक्का."

शुक्रवारी जयेशने हात वर केला. स्मिताने सुटकेचा श्वास टाकला. "मला वाटतं," जयेश म्हणाला, "ह्याच्यासाठी एक उपसमिती नेमावी."

स्मिता उभीच राहिली. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "उपसमिती? त्याचा डोळा गळतोय तिथे आणि तुम्ही उपसमिती नेमताय? ह्या घरात कुणाला काही ठरवायचंच नाहीये! आई घाबरतात, तू पंखा बघतोस, अप्पा मत राखून ठेवतात. त्या मुक्या जनावराने काय करायचं, अर्ज द्यायचा? एवढी चार शिकलेली माणसं आणि एक हो म्हणता येत नाही कुणाला!"

अप्पांनी पेन उचललं. "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

स्मिता गच्चीवर गेली आणि तिने दवाखान्यात फोन लावला. उद्या सकाळी नऊ. ठराव नाही, अनुमोदन नाही, कुणालाही विचारणं नाही. घरात एक तरी माणूस ठरवणारं हवं ना, या विचाराने तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

शनिवारी अप्पा अंघोळीला गेले होते, सासूबाई देवाशी होत्या आणि जयेश अंथरुणात होता, तेवढ्यात तिने सुभेदाराला रिक्षात घातलं. अन्नपूर्णा रोडवरच्या दवाखान्यात पोचली तर टेबलामागच्या बाबूरावांनी आधी कुत्र्याकडे बघितलं, मग रजिस्टरकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे.

"मॅडम, एक पूछूँ? आपके यहाँ सुभेदार नाम के चार कुत्ते हैं क्या?"

"चार?"

बाबूरावांनी रजिस्टर फिरवून समोर धरलं. नऊला सुभेदार मुळ्ये, उजवा डोळा, नाव स्मिताचं. दहाला सुभेदार मुळ्ये, उजवा डोळा, नाव जयेशचं. साडेदहाला पुन्हा तोच, प्रमोदिनी मुळ्ये. अकराला, शरदचंद्र मुळ्ये, आणि त्यापुढे बाबूरावांनीच लिहून ठेवलेलं : 'घर में किसी को न बताएँ.'

स्मिता बाकावर बसली. आधी तिला हसू आलं, मग भयंकर राग आला. सगळ्यांचं एकच मत होतं! चौघांना एकत्र बसून जे जमलं नाही, ते चौघांनी एकेकट्याने चोरून ठरवलं होतं. एकमेकांसमोर हात वर करायची मात्र कुणाची छाती झाली नव्हती, कारण उद्या काही बरंवाईट झालं तर तो हात सगळ्यांना आठवला असता.

डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि संमतीपत्र समोर ठेवलं. "वाचून सही करा, की सुरू करते."

स्मिताने पेन हातात घेतलं. 'गरज पडल्यास भूल देण्यात येईल. भुलीमुळे प्राण्याच्या जिवाला धोका संभवतो, याची मला कल्पना आहे.' तिने ते पुन्हा वाचलं. सुभेदाराने नरसाळ्यासकट डोकं तिच्या मांडीवर ठेवलं होतं आणि धड असलेल्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता. 'मला' म्हणजे तिला. एकटीला. घरात तिघांशी भांडताना जी हिंमत होती, ती आता कुठे शोधूनही सापडेना.

"डॉक्टर," ती म्हणाली आणि स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "मी एकदा घरी विचारून घेऊ का?"

डॉक्टर इरावतींनी कपाळाला हात लावला. पण त्यांना काही बोलावं लागलं नाही, कारण बाहेर गाडीचं दार आपटलं आणि घरच आत आलं. जयेश न विंचरलेल्या केसांनी, प्रमोदिनीबाई हातात देवाची फुलं तशीच घेऊन, आणि अप्पा एका पायात चप्पल आणि एका पायात जयेशचा बूट घालून. सुभेदाराचा पट्टा जागेवर नाही म्हटल्यावर तिघांनीही एकाच वेळी एकमेकांना कबुली दिली होती.

स्मिताला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा, बरं झालं आलात! पाच मिनिटं बसू या का इथे? एक छोटी सभा..."

"सभा?" अप्पा असे कडाडले की बाहेरचं एक पॉमेरेनियन भुंकायला लागलं. "कसली सभा? जनावर आंधळं व्हायची वेळ आली आणि हिला सभा सुचतेय! आठवडा वाया घालवलात! सही कर आधी!"

स्मिताने सही केली. तिच्या खाली अप्पांनी केली, मग प्रमोदिनीबाईंनी, मग जयेशने. डॉक्टर म्हणत होत्या की एकच पुरे, पण कुणी ऐकलं नाही.

दार बंद झालं. चौघंही बारा मिनिटं बाहेर उभे राहिले. प्रमोदिनीबाईंच्या मुठीत फुलांचा लगदा झाला. मग दार उघडलं आणि सुभेदार चालत बाहेर आला. येताना त्याने नरसाळ्याने चौकट ठोकली.

"नुसत्या थेंबांवर झालं," डॉक्टर म्हणाल्या. "भूल लागलीच नाही. टेबलावर घोरत होता तुमचा. पंधरा दिवसांनी आणा, बहुतेक भरलेलं असेल."

अप्पांनी चष्मा काढला आणि तो पुष्कळ वेळ पुसला. प्रमोदिनीबाई सरळ खाली बसल्या आणि सुभेदाराच्या गळ्यात पडल्या. मग जरा जीव थाऱ्यावर आल्यावर अप्पा म्हणाले, "चला, कुणी काही खाल्लेलं नाही. पोहे खाऊन जाऊ."

"सकाळी सकाळी पोहे रोजचेच आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आज कचोरी खाऊ."

"मला कायपण चालेल," जयेश म्हणाला. "पण मतलब, पार्किंग कुठे मिळेल ते बघून ठरवू."

"असं करू," अप्पांनी खिशात पेन चाचपलं, "आधी प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडावं."

स्मिताने सुभेदाराचा पट्टा धरला, समोरून जाणारी रिक्षा थांबवली आणि कुणालाही न विचारता त्याला घेऊन घरी निघून गेली.