शंकराकडची मागणी

"दिवस मावळल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. मावळला, हात जोडले, मगच पान वाढून घ्यायचं."

विमानतळावर सुनेत्राला सांगितलेलं हे वाक्य कुंदाताईंना पुढे स्वतःच्याच आवाजात इतक्या वेळा ऐकू आलं, की त्यांना त्या आवाजाचा राग यायला लागला. सांगताना मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दिवस अंबरनाथला मावळतो, बदलापूरला मावळतो, माहेरीही रोज मावळायचा. रशियात तो मावळत असणार हे त्या धरूनच चालल्या होत्या.

सुनेत्रा कॉलेजात रशियन शिकत होती. उन्हाळ्यात दोन महिने लेनिनग्राडला राहून भाषा शिकण्यासाठी तिची निवड झाली, तेव्हा कुंदाताईंनी 'हो' म्हणायला एकच अट घातली. सोळा सोमवार धरायचे आणि तिकडे गेल्यावरही मोडायचे नाहीत. सोळा सोमवार मुली कशासाठी करतात ते सुनेत्राला ठाऊक होतं. नवरा या विषयावरचं बोलणं त्यामुळे टळणार असेल, तर आठवड्यातून एक दिवस उपाशी राहायला तिची ना नव्हती.

तिचे वडील श्रीपादराव बर्वे एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात कामगार अधिकारी होते. त्या जूनमध्ये कारखान्याच्या गेटसमोर मांडव उभा राहिला होता आणि त्यात कामगारांचं साखळी उपोषण चाललं होतं. हातमोजे, गमबूट आणि कँटीनच्या चहात दूध, अशा मागण्या होत्या. श्रीपादराव सकाळी उपोषणवाल्यांची विचारपूस करून आत जात आणि रात्री घरी पानावर बसले की त्यांना घास उतरत नसे.

एका शुक्रवारी ते भर दुपारीच घरी आले.

"अगं, जरा खाली बस."

"बसलेलीच आहे. तांदूळ निवडतेय."

"सुनेत्रा उपोषणाला बसलीय."

कुंदाताईंनी हातातला खडा बाजूला ठेवला. "कुठे?"

"कुठे काय, लेनिनग्राडला. तिच्या संस्थेची तार आहे. 'तुमची मुलगी दर सोमवारी उपोषण करते. मागण्या सांगत नाही. मागण्या त्वरित कळवाव्या.'"

"अहो, तिचा सोमवार असतो."

श्रीपादराव तारेकडे बघत राहिले. गेले कित्येक दिवस त्यांचं उपोषणाशिवाय दुसरं काही चाललं नव्हतं. उपास नावाची गोष्टही जगात असते हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"कोशात उपास शोधला असेल पोरीने, आणि निघालं उपोषण," ते म्हणाले. "पण कुंदा, तार कारखान्याच्या पत्त्यावर आली गं. म्हणजे मांडवातून आली. त्या हरिचंद्रने आधी वाचली."

हरिचंद्र खरवई गावचा. कामगारांचा पुढारी. "काय म्हणाला?"

"म्हणाला, 'साहेब, पोर तुमची, पन बसली आमच्यासंगं.' मांडवातल्या फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलं. रशियातून पाठिंबा."

"मग तुम्ही लगेच खरं काय ते कळवा. म्हणावं, तिची मागणी तुमच्याकडे नाहीच. शंकराकडे आहे."

श्रीपादरावांनी तारघरात जाऊन तसंच इंग्रजीत लिहिलं. तारेत शब्द आटोपशीर ठेवायची त्यांना नोकरीतली सवय. पहिल्यांदा त्यांनी 'भगवान शंकर' लिहिलं होतं, मग 'भगवान' खोडलं. शंकर म्हटलं की भगवान आलाच.

तो लेनिनग्राडला आला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते थेट कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. फळ्यावरचा मजकूर त्यांनी मोटारीतून वाचला होता. कंपनीचं एक मोठं यंत्र रशियातून यायचं होतं, आणि रशियाचा पाठिंबा मांडवाला आहे म्हटल्यावर त्यांची झोप उडाली होती. त्यांनी श्रीपादरावांना आत बोलावलं आणि तार पुढे सरकवली. 'शंकर यांना सोमवारपूर्वी मान्यता देण्यास सांगावे. अन्यथा विद्यार्थिनीस परत पाठवू.'

"बर्वे, ये शंकर है कौन?"

"सर, वो... सबका है."

"मतलब बाहर का लीडर है?"

"नहीं सर, यहीं अंबरनाथ का. बहुत पुराना है. सर, वो आदमी नहीं है, वो..."

"आदमी अच्छा नहीं है, वो मुझे भी दिखता है. मस्टर मँगाओ."

मस्टरात बॉयलरवरचा शंकर सापडला. आयुष्यात साहेबांच्या केबिनची काच बाहेरून पुसण्यापलीकडे त्याचा तिथे संबंध आला नव्हता. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, तोही दुधाचा, आणि विनंती केली, "शंकर, बस हो गया. अब मान जाओ."

"मी काय मानू साहेब?"

"क्या चाहिए वो बोलो."

शंकरने श्रीपादरावांकडे बघितलं. श्रीपादराव छताकडे बघत होते. "हातमोजे द्या, गमबूट द्या, असाच चहा रोज द्या," तो म्हणाला. "मंग मी कशाला नाय मानू?"

संध्याकाळी मांडव उतरला. साहेबांनी स्वतःच्या हाताने हरिचंद्रला लिंबाचं सरबत पाजलं आणि लेनिनग्राडला तार ठोकली. घरी आलेले श्रीपादराव कित्येक दिवसांनी दोनदा भात मागून जेवले.

"सुटला प्रश्न," ते म्हणाले. "शंकर मान्य झाला म्हणून साहेबांनीच कळवलं."

"कोण शंकर?"

"बॉयलरवरचा."

कुंदाताईंनी ताक वाढलं. "अहो, सोमवार बॉयलरवरच्याचा नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि स्वतः न जेवताच उठल्या.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या लछमनशेठने जिन्यातून हाक दिली. बिल्डिंगमध्ये फोन त्याच्याच किराणा दुकानात होता. "बर्वेबाई, जल्दी या. बेबीचा फोन हाय, फॉरेनसे."

कुंदाताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई, इथे दिवस मावळतच नाही गं," पलीकडून सुनेत्रा म्हणाली.

"मावळत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे मावळतो, पण सगळे झोपल्यावर. कँटीन सातला बंद होतं. मी बाहेर बघते तर लख्ख ऊन. दोन्ही सोमवारी तशीच उपाशी झोपले."

"आणि तू त्यांना काय म्हणालीस?"

"उपास आहे म्हणायला गेले, त्यांना वाटलं संपावर आहे. आता ते म्हणतात, शंकर मान्य झाले, उद्या जेवायचं. संचालकबाई स्वतः मला सगळ्यांसमोर सरबत पाजणार आहेत. नाही प्यायले तर परवा परत. आणि आई, तारेत लिहिलंय हातमोजे मंजूर, गमबूट मंजूर. बाई मला विचारतात, तुला जूनमध्ये हातमोजे कशाला हवे होते?"

"तू काय सांगितलंस?"

"थंडी वाजते म्हणाले. खरी मागणी कशी सांगू? मला त्यातला शब्दच येत नाही. आई, सरबत पिऊ का? दिवसाउजेडी प्यायले तर सोमवार मोडतो. तूच म्हणाली होतीस, एक मोडला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पण मला इथून परत नाही यायचं गं. मी आत्ता कुठे बोलायला लागलेय."

ताप असताना कुंदाताईंनी चतुर्थी केली होती. सुनेत्राच्या वेळी दिवस भरत आले तरी शनिवार सोडला नव्हता. लछमनशेठ फोनकडे पाठ करून मुगाची डाळ तोलत होता, तीच डाळ पुन्हापुन्हा.

"पी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सरबत पी. आणि नंतर पोटभर जेव. भाजी मिळते ना तिथे?"

"कोबी मिळतो. पण मग सोमवार?"

"तू तिथे आहेस तोवरचे मी करते. तुझ्या वाटचे."

"चालतं असं?"

"उद्या जाऊन सांगते त्याला. माझा शब्द आहे तुला. तू तिकडे शीक."

पलीकडे सुनेत्राने नाक ओढलेलं ऐकू आलं, मग लाइन तुटली. लछमनशेठ वळला. "बाई, डाळ देऊ?"

"आज नको शेठ. उद्या तर काही लागणारच नाही."

सोमवारी श्रीपादराव उठले तेव्हा कुंदाताईंची अंघोळ होऊन गेली होती आणि तांब्यात पाणी भरलेलं होतं. बेलाची पानं त्या एकेक पुसून ठेवत होत्या.

"चहा तरी घे."

"नको."

"मग संध्याकाळसाठी मी साबुदाणा भिजत घालतो. तू आलीस की..."

"संध्याकाळी नाही हो. सोमवार तिचा आहे. तिच्याकडचा दिवस मावळला, की सोडायचा."

कामगार अधिकाऱ्याला उपोषणाचे तास मोजता येतात. श्रीपादरावांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, तोवर आपल्याकडे मध्यरात्र उलटेल. आपल्याकडे मंगळवार लागेल."

"लागू दे."

"आणि असे किती सोमवार?"

"ती येईपर्यंतचे. पुढचे तिचे ती बघेल."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, तांब्या उचलला आणि दार हलकेच ओढून घेतलं. रस्त्यावर अजून पहिल्या पाळीच्या रिक्षा निघायच्या होत्या. कुंदाताई शिवमंदिराच्या वाटेला लागल्या, नेहमीपेक्षा जरा भरभर. आज त्यांना तिथे बरंच बोलायचं होतं.